फोन लोगोवरच अडकतो आहे : रीसेट करण्याआधी काय काय करून पाहावे?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. माझी आई चिपळूणजवळच्या आमच्या गावात महिला बचत गटाची सचिव आहे. दर महिन्याच्या बैठकीनंतर ती नोंदवहीच्या पानांचे फोटो काढून ठेवते. कोणी किती बचत भरली, कोणाच्या कर्जाचा हप्ता आला आणि खाली सगळ्याजणींच्या सह्या, असे सगळे त्या पानांवर असते. वही दर महिन्याला वेगळ्या सदस्येच्या घरी जाते, म्हणून ही काळजी. गेल्या पावसाळ्यात भिंतीच्या ओलीने एक जुनी वही पार लगदा झाली, आणि त्यामुळे जवळजवळ दोन वर्षांचा हिशेब आता फक्त त्या फोटोंमध्ये उरला आहे.

परवा रात्री तिने फोन नेहमीप्रमाणे चार्जिंगला लावला. सकाळपासून तो सुरूच होत नाही. कंपनीचा लोगो येतो, फोन एकदा थरथरतो, मग कधी तिथेच पडदा काळा होतो, तर कधी पुढचे हलणारे चित्र थोडा वेळ फिरते आणि पुन्हा लोगो येतो. गावातले दुकानदार म्हणाले, "हँग ऑन लोगो आहे, सॉफ्टवेअर मारावे लागेल, डेटा जाईल." फोन चार वर्षे जुना, अँड्रॉइड, १२८ जीबीचा आहे आणि त्यात मेमरी कार्ड नाही. फोटोंची प्रत दुसरीकडे कुठे जात होती का, हे आईला सांगता येत नाही. मी पुण्याहून आजच घरी आलो आहे. फोटो वाचवून फोन सुरू करण्याचा काही मार्ग आहे का?

अंजनवेलकर
फोन अजून दुकानात असेल तर आधी घरी आणा. दुकानदार प्रामाणिक असले तरी गर्दीच्या वेळी त्यांचा हात सवयीने रीसेटकडेच, म्हणजे सगळे पुसून फोन नव्यासारखा करण्याकडेच जातो, आणि ते एकदा झाले की परतीची वाट नसते.

तळघर
'फोन सुरू होत नाही' या एका वाक्यात निदान चार वेगवेगळी दुखणी दडलेली असतात, आणि ती ओळखण्याची खूण म्हणजे फोन नेमका कुठवर पोचतो ही आहे. बटण दाबल्यावर आधी चिपमध्ये कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्राम जागा होतो. तो बूटलोडरला, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला उठवतो, आणि बूटलोडर कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला. इथवर पडद्यावर कंपनीचा स्थिर लोगो असतो. कर्नल उभा राहिला की अँड्रॉइडच्या सेवा एकामागून एक सुरू होऊ लागतात, आणि ते काम चालू असताना हलणारे चित्र दिसते. शेवटी कुलूपपडदा येतो, तुम्ही पिन टाकता, आणि त्यानंतरच तुमच्या खासगी डेटाचे कुलूप उघडून बहुतेक ॲप्स कामाला लागतात.

म्हणून फोन प्रत्येक वेळी स्थिर लोगोवरच मान टाकत असेल तर संशय बॅटरी, बटण, मेमरी चिप किंवा अर्धवट बसलेले अपडेट यांच्यावर घ्यावा. हलणारे चित्र फिरतच राहत असेल तर हार्डवेअर बहुधा ठीक असते आणि अडचण डेटाच्या विभागात असते. पिन टाकल्यानंतर फोन बंद पडत असेल तर एखादे ॲप दोषी असण्याची शक्यता मोठी असते. तुमचा फोन कधी लोगोवर तर कधी त्याच्या पुढे जाऊन थांबतो आहे, त्यामुळे आताच निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

एक गोष्ट मात्र नक्की ध्यानात ठेवा. अँड्रॉइड ८.० पासून, म्हणजे २०१७ पासून, फोनमध्ये स्वतःला सावरण्याची एक यंत्रणा आहे. मुख्य सेवा पाच मिनिटांत पाचाहून अधिक वेळा कोसळली तर ती यंत्रणा एकेक उपाय करू लागते, आणि काहीच जमले नाही तर रिकव्हरीच्या, म्हणजे नेहमीच्या अँड्रॉइडपासून वेगळ्या असलेल्या दुरुस्तीच्या पडद्यावर एक संदेश दाखवते. त्याखाली दोनच पर्याय असतात : 'ट्राय अगेन' आणि 'फॅक्टरी डेटा रीसेट'. तो पडदा आला तर दुसऱ्या पर्यायाला हात लावू नका. आवाजाच्या बटणाने निवड खाली सरकते आणि पॉवरच्या बटणाने ती पक्की होते, त्यामुळे घाईत चुकीचे बटण दाबले जाऊ शकते.

सोल्डर_सांगली
मी दुरुस्तीच्या धंद्यात आहे. आमच्याकडे 'हँग ऑन लोगो' म्हणून येणाऱ्या फोनपैकी बरेच फोन सॉफ्टवेअरला हात न लावता सुरू होतात, म्हणून आधी या दोन गोष्टी पाहा.

पहिली बॅटरी. फोन सुरू होताना प्रोसेसर एकदम जोर लावतो आणि बॅटरीतून ओढ वाढते. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो, त्या ओढीने व्होल्टेज खाली बसते आणि फोन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. पडद्यावर चाळीस टक्के दिसत असले तरी हे घडते. फोन बंद ठेवून त्याच्यासोबत आलेल्या चार्जरवर अर्धा-पाऊण तास ठेवा. लॅपटॉपला लावू नका, कारण जुन्या यूएसबी पोर्टमधून फक्त ५०० मिलिॲम्पियर मिळतात. मग चार्जर न काढता फोन सुरू करून पाहा. फोनची पाठ फुगलेली किंवा कडेने उचललेली दिसली तर मात्र चार्जिंग लगेच थांबवा आणि ती दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नका.

दुसरी गोष्ट पॉवरचे बटण. कोकणातल्या दमट हवेत त्याच्या पट्टीवर गंज चढतो, किंवा कव्हरची कड बटणावर दाब देत राहते. बटण दाबलेलेच राहिले की फोन सुरू होतो आणि काही सेकंदांनी आपोआप पुन्हा बंद होतो. तुम्ही वर्णन केले आहे अगदी तसेच. कव्हर काढा, शांत खोलीत फोन कानाशी धरा आणि बटण हळूच दाबा. दाबताना एक 'टक' आणि सोडताना एक 'टक' ऐकू यायला हवा. आवाज आला नाही तर बटण आत बसले आहे असे समजा. मऊ, कोरड्या टूथब्रशने कडा साफ करा. तरीही बटण मोकळे झाले नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब पुरतो. पाणी किंवा सॅनिटायझर वापरू नका.

माझा कौल बटणाला आहे.

मेघना_नाशिक
मी थोडे वेगळे मत मांडते. माझ्या फोनला हेच झाले तेव्हा मी दोन दिवस रात्री जागून सगळे उपाय केले आणि शेवटी रीसेटच करावे लागले. फोटो गुगल फोटोजवर होते, चॅटचा बॅकअप होता. सगळे तासाभरात परत आले. ज्यांचा डेटा सुरक्षित आहे त्यांनी रीसेटला उगाच घाबरून वेळ घालवू नये, असे मला अनुभवाने वाटते. तेव्हा वाशिष्ठीकाठ यांनी सर्वांत आधी आईच्या खात्याने दुसऱ्या फोनवर गुगल फोटोज उघडून पाहावे. कदाचित सगळी पाने तिथेच असतील.

तळघर
मेघनाताई, आधी खात्यात पाहा हा सल्ला अगदी योग्य आहे. त्यात दोन अडथळे येऊ शकतात, ते सांगतो. गुगलने १ जून २०२१ पासून फोटोंसाठीची अमर्याद मोफत जागा बंद केली. तेव्हापासून फोटो, मेल आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबीच मिळतात, आणि ती भरली की बॅकअप थांबतो. फोनवर तशी सूचना येते, पण ती वाचणारे फार थोडे असतात. म्हणजे खात्यात फोटो दिसले तरी सर्वांत अलीकडची तारीख कोणती आहे हे तपासल्याशिवाय निश्चिंत होऊ नये. दुसरा अडथळा असा, की नव्या फोनवरून खाते उघडताना गुगल खात्री करण्यासाठी बऱ्याचदा जुन्याच फोनवर सूचना पाठवते, आणि तो तर बंद आहे. अशा वेळी आईंचे सिमकार्ड दुसऱ्या फोनमध्ये घालून एसएमएसने कोड मागवण्याचा पर्याय निवडावा.

पासवर्ड माहीत असणे आणखी एका कारणाने गरजेचे आहे. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, रिकव्हरीतून रीसेट केलेला फोन सुरू होताना आधीचे गुगल खाते मागतो. ते आठवले नाही तर डेटाही जातो आणि फोनही अडकून पडतो.

रानवारा
बंद फोनची मेमरी चिप काढून तिच्यातून फोटो बाहेर काढता येत नाहीत का? माझ्या एका मित्राने काही वर्षांपूर्वी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तसे करून घेतले होते.

सोल्डर_सांगली
पूर्वी करता येत होते, मीही केले आहे. आताच्या फोनमध्ये त्याचा उपयोग नाही. डेटा कुलूपबंद असतो, आणि त्याची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरमधली गुप्त खूण आणि तुमचा पिन या दोन्ही मिळून तयार होते. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या प्रत्येक नव्या फोनला हे बंधनकारकच आहे. चिप काढली की हातात नुसती अर्थहीन अक्षरे येतात. म्हणून आता डेटा वाचवण्याचा अर्थ एकच उरला आहे : तोच फोन, त्याच बोर्डावर, एकदा तरी कुलूपपडद्यापर्यंत जिवंत करायचा.

वाशिष्ठीकाठ
सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे एकेक करत गेलो.

फोन दुकानातून आणला आहे. पाठ फुगलेली नाही. मूळ चार्जरवर पाऊण तास ठेवला. बंद अवस्थेत ७१ टक्के दिसतात आणि आकडा उड्या मारत नाही. चार्जर लावून सुरू केला तरी तेच झाले. कव्हर काढले. बटणाचे दोन्ही 'टक' स्पष्ट ऐकू आले.

मग रिकव्हरी उघडून पाहिली. फोन तिथे वीस मिनिटे स्थिर राहिला, एकदाही बंद झाला नाही आणि पर्यायांची निवडही आपोआप सरकली नाही. तिथून 'रीबूट सिस्टिम नाऊ' निवडले की पुन्हा लोगो, थोडे हलणारे चित्र आणि पुन्हा लोगो.

गुगल खात्यात फोटो आहेत, पण शेवटचा फोटो चौदा महिन्यांपूर्वीचा आहे. तळघर यांनी सांगितले होते तेच झाले आहे.

सोल्डर_सांगली
मग माझा अंदाज मी मागे घेतो. बटण अडकलेले असते तर रिकव्हरीत त्याने स्वतःहून निवड केली असती, आणि ते फार धोक्याचे ठरले असते. बॅटरी बसलेली असती तर तिथेही वीस मिनिटे तग धरला नसता. अर्थात रिकव्हरीत ओढ कमी असते, त्यामुळे बॅटरी शंभर टक्के निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. रिकव्हरीत खालच्या भागात 'फेल्ड टू माउंट' (मेमरीचा भाग उघडता आला नाही) अशा ओळी दिसल्या का? त्या दिसत असतील तर मेमरी चिपच बिघडत चालली आहे असे समजावे लागते.

वाशिष्ठीकाठ
नाही. खाली फक्त आवृत्तीचा क्रमांक आहे, चुकीची एकही ओळ नाही.

उत्तरा_टोरांटो
इथे आयफोनवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहिते, कारण माझ्या सासूबाईंच्या आयफोनचे असेच झाले होते. त्यात आवाज वाढवण्याचे बटण दाबून सोडायचे, कमी करण्याचे दाबून सोडायचे, आणि मग बाजूचे बटण लोगो येईपर्यंत धरून ठेवायचे. त्याने भागले नाही तर फोन संगणकाला जोडून रिकव्हरी मोडमध्ये न्यायचा. तिथे 'अपडेट' आणि 'रिस्टोअर' असे दोन पर्याय येतात. 'अपडेट' नव्याने प्रणाली बसवते आणि डेटा राखण्याचा प्रयत्न करते, तर 'रिस्टोअर' सगळे पुसते. आम्ही 'अपडेट' निवडले आणि सासूबाईंचे सगळे फोटो राहिले. दोन्ही शब्द निरुपद्रवी वाटतात, म्हणून मुद्दाम सांगते.

जुना_दिवा
प्रणालीतल्या अगदी किरकोळ चुकीनेही चांगला फोन अडकून पडतो, याचे मला आठवणारे मोठे उदाहरण २०२० सालचे आहे. अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या सरोवराचे एक सुंदर छायाचित्र लोक वॉलपेपर म्हणून लावत होते आणि अँड्रॉइड १० चे कित्येक फोन पुन्हा पुन्हा सुरू होत राहत होते. त्या चित्राची रंगांची मांडणी नेहमीची नव्हती. उजेडाची पातळी मोजताना ० ते २५५ या मर्यादेबाहेरचा आकडा आला, त्यासाठी प्रणालीत घरच नव्हते, आणि पडदा सांभाळणारी सेवा प्रत्येक वेळी कोसळू लागली. फोन पूर्ण धडधाकट होते. अँड्रॉइड ११ मध्ये ती चूक दुरुस्त झाली, पण तोवर अनेकांनी रीसेट करून सगळे गमावले होते.

त्याच्या उलट उदाहरण एलजी जी४ चे आहे. तिथे बाहेरून लक्षण अगदी हेच होते, पण जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने स्वतः मान्य केले की आतल्या भागांचा एकमेकांशी असलेला संपर्क सैल होत होता. तिथे कितीही वेळा सॉफ्टवेअर मारले असते तरी उपयोग नव्हता. लक्षण एक आणि कारणे दोन टोकांची, म्हणून वर सोल्डर_सांगली यांनी जो क्रम लावला तो मला फार मोलाचा वाटतो.

अंजनवेलकर
फोन भिजलेला नव्हता ना? असेल तर तांदळात मात्र ठेवू नका. तांदळाची धूळ आणि पिष्ट चार्जिंगच्या जागेत शिरते. ॲपलनेही आपल्या ग्राहकांना तसे न करण्याचा सल्ला दिला आहे.

वाशिष्ठीकाठ
भिजला नव्हता. आईला पुन्हा नीट विचारले.

तळघर
आता मला एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती मी पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवी होती. बंद पडण्याआधी काही दिवस फोन मंद झाला होता का, किंवा जागा संपल्याची सूचना येत होती का? डेटाचा विभाग काठोकाठ भरला की सुरू होताना प्रणालीला आपल्या लहानसहान फाइल्स लिहायलाही जागा उरत नाही, सेवा कोसळते आणि फोन पहिल्यापासून सुरुवात करतो. हार्डवेअर ठीक, रिकव्हरी स्थिर, आणि थांबण्याची जागा दर वेळी निराळी, ही सगळी लक्षणे तिकडेच बोट दाखवतात.

वाशिष्ठीकाठ
होय! आई म्हणते, महिनाभर "जागा अपुरी आहे" असे काहीतरी येत होते आणि ती ते बाजूला सारत होती. फोटोही मध्ये मध्ये निघत नव्हते.

तळघर
मग सेफ मोड करून पाहा. त्यात आपण घातलेली ॲप्स सुरूच होत नाहीत, त्यामुळे लिहिण्याची धडपड कमी होते आणि कधी कधी तेवढ्याने प्रणाली तरून जाते. बऱ्याच फोनमध्ये लोगो दिसू लागला की आवाज कमी करण्याचे बटण दाबायचे आणि कुलूपपडदा येईपर्यंत सोडायचे नाही. एकदा जमले नाही म्हणून निराश होऊ नका.

त्याआधी, तुमच्या रिकव्हरीत 'वाइप कॅश पार्टिशन' (तात्पुरत्या फाइल्सचा विभाग पुसणे) असा पर्याय असेल तर तो निवडायला हरकत नाही. त्याने फोटोंना धक्का लागत नाही. ज्या फोनमध्ये प्रणालीच्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, त्यांत बहुधा हा पर्यायच नसतो. तो असेल तर 'वाइप डेटा'ला अगदी लागून असतो, म्हणून निवड पक्की करण्याआधी ओळ मोठ्याने वाचा. सॅमसंगच्या बऱ्याच नव्या फोनमध्ये संगणकाला केबलने जोडल्याशिवाय बटणांनी रिकव्हरी उघडत नाही, ही माहिती इतर वाचकांसाठी.

आणि सर्वांत महत्त्वाचे : फोन उघडला तर काहीही पुसू नका, काहीही अपडेट करू नका. आधी पाने बाहेर काढा. लॅपटॉप आणि केबल तयार ठेवूनच बटण दाबा.

मेघना_नाशिक
मी वर जे म्हटले ते चौदा महिन्यांचा खंड पडलेल्या फोनला लागू होत नाही, हे मान्य करते. मीही आत्ताच माझ्या खात्यात शेवटच्या फोटोची तारीख पाहिली.

रानवारा
एक शंका. जमले नाही तर दुकानदाराला पिन द्यावा का? ते मागतातच.

सोल्डर_सांगली
सुरू न होणाऱ्या फोनच्या दुरुस्तीला सुरुवातीला पिन लागत नाही. कुलूपपडदा दिसू लागला की ग्राहकाला बोलावून घ्यावे आणि त्याने स्वतः पिन टाकावा, असे मी करतो. फोनमध्येच बँकेचे संदेश आणि यूपीआय असते. चांगला कारागीर यात कमीपणा मानत नाही. फोन देताना पावतीवर "डेटा पुसू नये, विचारल्याशिवाय सॉफ्टवेअर बदलू नये" असे लिहून घ्या आणि सिमकार्ड काढून घ्या.

वाशिष्ठीकाठ
रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कॅश पुसण्याचा पर्याय या फोनमध्ये नव्हता. सेफ मोडचा प्रयत्न पहिल्या दोन वेळा फसला. लोगो, चित्र आणि पुन्हा लोगो. तिसऱ्या वेळी चित्र नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ, जवळजवळ चार मिनिटे फिरत राहिले. आई शेजारी बसून बघत होती आणि माझे बोट आवाजाच्या बटणावर दुखू लागले होते. मग कुलूपपडदा आला आणि डाव्या कोपऱ्यात खाली 'सेफ मोड' अशी अक्षरे दिसली. पिन आईनेच टाकला.

केबल आधीच जोडलेली होती. वरून सूचनांची पट्टी ओढून 'फक्त चार्जिंग'ऐवजी 'फाइल ट्रान्सफर' निवडावे लागले, तोवर लॅपटॉपला फोन रिकामाच दिसत होता. आधी फक्त कॅमेऱ्याचे फोल्डर उतरवले. मध्येच फोन एकदा बंद पडला आणि पुन्हा सेफ मोडमध्ये यायला आणखी दोन खेपा लागल्या. दुसऱ्या फेरीत राहिलेले सगळे आले. लॅपटॉपवर एकेक पान उघडून पाहिले, मग पेनड्राइव्हवर दुसरी प्रत केली, आणि त्यानंतरच पुसायला हात लावला.

जागेच्या पडद्यावर १२८ जीबी पूर्ण भरल्याचे दिसत होते. त्यांतले ६१ जीबी एकट्या व्हॉट्सॲपचे होते : शुभ सकाळचे व्हिडिओ, भजने, लग्नांची चित्रणे. वीसेक जीबी मोकळे केल्यावर फोन साधा सुरू केला, तर तो एका मिनिटात उठला.

सोल्डर_सांगली
फार बरे वाटले. पुढे निदान दहा टक्के जागा मोकळी राहील असे पाहा. आठवडाभर टक्क्यांच्या आकड्यावर लक्ष ठेवा; वीसवरून एकदम पाचवर उडी मारली तर बॅटरी बदलून घ्या. चार वर्षे हे तिचे वय झालेच आहे.

तळघर
व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरण्याची सोय बंद करून द्या. आणि नोंदवहीच्या पानांसाठी बैठकीच्या दिवशीच गटातल्या दुसऱ्या एका सदस्येच्या फोनवर प्रत पाठवायची सवय लावली, तर गुगलच्या जागेवर अवलंबून राहावे लागणार नाही. पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबले जाऊन बारीक अक्षरे पुसट होतात.

वाशिष्ठीकाठ
तसेच ठरले आहे. अध्यक्षबाईंच्या फोनवर आज सकाळीच सगळी पाने पाठवली. गेलेल्या वहीची एकूण २३ पाने मिळाली आहेत. त्यांतले एक हलल्यामुळे अस्पष्ट आहे, पण आकडे लागतात आणि सह्या ओळखू येतात. उद्या चिपळूणला जाऊन सगळ्यांच्या छापील प्रती काढणार आहे. आईने नव्या वहीला प्लॅस्टिकचे आवरण घातले आहे.